चालू होतं ते दाजींनी बंद केलं

जावयानं सासरवाडीत कशालाही हात लावू नये, असं माझ्या वडिलांचं मत होतं. त्यांच्या काळी ते पाळणं सोपं होतं; सासरवाडीत हात लावण्याजोगं पाट आणि तांब्या सोडून काही नसायचंच. आता विहिरीवर तीन फेजचा स्टार्टर असतो, त्याच्या शेजारी ऑटोची पेटी असते, आणि मी पडलो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेचा सहायक. लातूर पॅटर्नमधली पोरं ओएमआर शीटवरचे गोळे काळे करण्यात गुंतलेली. प्रयोगशाळेकडे फिरकतात ती प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरती. त्यामुळे मला सवड असते, आणि ही गोष्ट औसा तालुक्यातल्या माझ्या सासरवाडीला पक्की ठाऊक आहे.

ज्यांच्या घरी नळाला पाणी येतं त्यांच्यासाठी आधी ऑटो म्हणजे काय ते सांगतो. शेतीची लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची असली की मार्गशीर्षाच्या थंडीत गोधडीतून उठायचं, बॅटरी घ्यायची, विंचू-काटा चुकवत विहीर गाठायची आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. परत येऊन पाठ टेकली की लाईट जाते. दहा मिनिटांनी येते. पुन्हा बॅटरी, पुन्हा बटण. ऑटो हे काम माणसाऐवजी करतं. लाईट आली की तिन्ही फेज हजर आहेत का ते बघतं, जरा थांबतं, मग आतला रिले, म्हणजे विजेनं हलणारं छोटं स्विच, टिक करतो, त्यावर स्टार्टर धाडकन ओढतो आणि पाणी सुरू. त्यातला एखादा फेज गेला की तोच रिले सोडतो आणि मोटार बंद पडते. महावितरण सांगतं, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, कारण लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, जिवावर येतं. म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ते ऐकून शेतकरी मान डोलावतो आणि ऑटो लावूनच झोपतो.

तर सासऱ्यांचं ऑटो मध्येच लागायचं, मध्येच लागायचं नाही. त्यावर माझ्या मेव्हण्यानं इलाज केला.

मेव्हण्याबद्दल माझं मत चांगलं आहे. ते तसं असावं लागतं. त्यानं आयटीआयला वेल्डिंग केलं, गावातच गेट-ग्रीलचं दुकान टाकलं, आणि त्यानं लावलेलं गेट एकदा ट्रॅक्टरनं धडकलं तेव्हा ट्रॅक्टर गॅरेजला गेला. जोड मजबूत पाहिजे, एवढं एकच तत्त्व तो मानतो. ऑटोची पेटी उघडून त्यानं बोर्ड पाहिला, रिलेच्या एका पायाचा जोड त्याला हलका वाटला, आणि पत्र्याची कामं करणाऱ्या मित्राकडून त्यानं मनगटाएवढी सोल्डरिंग आयर्न आणि तेजाबाची बाटली आणली.

वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा शेतात पूजा करायचा सण, येळवस, तोंडावर आली होती, म्हणून आम्ही औशाकडे निघालो. विहिरीपाशी उभा होतो आणि लाईट आली. त्याच क्षणी स्टार्टर धाडकन लागला.

"बघा दाजी," मेव्हणा म्हणाला, "आता थांबतच न्हाई. लाईट आली की लागलंच."

मला तीच तर काळजी वाटली. जरा थांबायला पाहिजे होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे टिक आवाज आला नव्हता. रिले न वाजता मोटार लागते याचा अर्थ मोटार रिलेला न विचारता लागते.

मी किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून पेटी उघडली. रिलेच्या पायांवर सोल्डर असं रचलं होतं, की महादेवाच्या पिंडीवर दहीभाताची पूजा बांधावी. त्याखाली नेमके किती पाय आहेत हे कळायला मार्ग नव्हता. मला पाठ होतं म्हणून सांगतो, पाच असतात. दोन आतल्या कॉइलचे, तीन कॉन्टॅक्टचे. मूळ दुखणं त्यातल्या कॉमनच्या पायाला होतं आणि ते अगदी घरगुती होतं. रिले येता-जाता वाजतो, शेजारी स्टार्टर आदळतो, हादऱ्यानं पायाभोवती बारीक गोल चीर पडते. वरून जोड दिसतो, पण आत नसतो. दुकानदार त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. इलाज म्हणजे २५ वॅटची आयर्न, ६०/४० ची थोडी तार आणि दोन-तीन सेकंद. ते सोल्डर १८३ अंशांनाच मऊ व्हायला लागतं, त्यासाठी भट्टी लावावी लागत नाही.

पण वेल्डरला दोन-तीन सेकंद पटत नाहीत. लाल होईपर्यंत तापवल्याशिवाय लोखंड ऐकत नाही, हा त्याचा अनुभव, आणि बोर्ड लोखंडाचा नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. असले स्वस्त बोर्ड कागद आणि राळ दाबून केलेले असतात, तपकिरी. त्यावर तांब्याचा पापुद्रा चिकटवलेला असतो, सुमारे ३५ मायक्रॉनचा. तसले अठ्ठावीस एकावर एक ठेवले तेव्हा एक मिलिमीटर भरेल. तापवत राहिलं की खालची चिकट सुटते आणि पापुद्रा उठतो. कॉइलच्या एका पायाचं असंच झालं होतं. पॅड, म्हणजे पायाभोवतीची तांब्याची टिकली, उडाला, त्याला जोडलेला ट्रॅक, म्हणजे वीज नेणारी तांब्याची पट्टी, जळाला, खालचा बोर्ड काळा पडला. त्यामुळे रिले कायमचा मुका झाला. आणि सोल्डरच्या ढिगानं कॉन्टॅक्टचे दोन पाय एकमेकांना असे जोडले, की रिलेची गरजच संपली. एक चूक दुसरीला झाकत होती, म्हणून दिसायला सगळं ठणठणीत.

हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. "मामा, ऑटो आता राखण करत नाही. एक फेज गेला तर मोटार दोन फेजवर गुरगुरत राहील आणि जळेल."

"ओव्हरलोड हाय की," मामा म्हणाले.

मोटारीवर जादा भार आला की ती बंद करणारा ओव्हरलोड स्टार्टरमध्ये होता. त्याचं बटण सारखं उडतं म्हणून मामांनी ते तुराटीची काडी लावून दाबून ठेवलेलं होतं.

"आजपतुर गेलाय का एखादा फेज?"

"जाईल तेव्हा सांगून जाणार नाही, मामा."

मामांनी डीपीकडे पाहिलं. ज्या जिल्ह्याच्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला शेतकरी मोटारीच्या बाबतीत धोका पत्करत नाही. "घेऊन जावा," ते जड आवाजात म्हणाले. मी बोर्ड काढला, टॉवेलात गुंडाळला. बांधापर्यंत पोचलो नसेन तोवर मामी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "चालू होतं ओ चांगलं. दाजींनी बंद केलं."

ही बातमी माझ्याआधी लातूरला पोचली. साडूंचा फोन आला, "काय, ऑटो बिघडवलं म्हणे?" शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, "त्यांना आवड आहे ना तसली?" मी प्रत्येकाला रिलेचे पाच पाय समजावू लागलो, पण लोकांना पाय नको असतात. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. मेव्हण्यानं हात लावला तेव्हा मोटार लागली, दाजींनी हात लावला तेव्हा बंद पडली. बायकोनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तटस्थपणे विचारलं, "पण तुम्हाला उघडायला कुणी सांगितलं होतं?" तिकडे मामा रोज रात्री बॅटरी घेऊन बटण दाबायला जात होते आणि रोज सकाळी शिंकांचा अहवाल येत होता.

बिघडलेली वस्तू नीट करणं वेगळं आणि नीट केलेली वस्तू नीट करणं वेगळं. पहिल्यात नुसती अक्कल लागते. दुसऱ्यात आधीच्या माणसानं काय काय केलं ते उकलत मागं जावं लागतं, आणि तो माणूस बायकोचा भाऊ असेल तर तोंडातून अवाक्षर न काढता जावं लागतं.

नवा रिले हवा होता, कारण जुन्याचं बूड वितळलं होतं. गंजगोलाईत गेलो. गोलाईला १६ रस्ते फुटतात. रिले नेहमी सोळाव्या रस्त्यावर मिळतो. फक्त तो कुठला, हे तुम्ही मोजायला कुठून सुरुवात केली त्यावर ठरतं. शेवटी एका बोळात जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा सापडले. त्यांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ त्या पिंडीचं दर्शन घेतलं.

"किसने किया साब ये?"

"घरचाच माणूस."

"फिर तो कुछ बोलनाच नक्को." त्यांनी वास घेतला. "तेजाब मारा क्या? पैले धो डालो. गरम पानी से. पानी से बोर्ड नै मरता साब, तेजाब से मरता."

चाचांचं बोलणं सोळा आणे खरं. पत्र्याच्या कामाचं तेजाब म्हणजे जस्त मारलेलं आम्ल. पत्र्याला ते चालतं, कारण पत्रा नंतर धुतात. बोर्डावर मात्र ते हवेतलं पाणी ओढत बसतं, ओलं राहतं, वीज वाहून नेतं आणि तांबं हिरवं करत खात जातं. आज जोड लावा, पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक शोधत बसा. इलेक्ट्रॉनिक्सला राळेची पेस्ट लागते, ती जागेवर राहिली तरी इतकी खोडी काढत नाही. चाचांनी १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले दिला, पाय जुळवून दिले, आणि पैसे सांगताना रिलेचेच सांगितले, दर्शनाचे नाही.

घरी आल्यावर आधी ढीग उतरवला. जुन्या सोल्डरवर थोडं नवं सोल्डर आणि पेस्ट लावली की ते लवकर पातळ होतं, मग सकरनं ओढायचं. मेव्हण्यानं इतका माल ओतला होता, की सकर सारखा चोंदत होता. उरलेलं काढायला विकची जाळीदार तार वापरली. मग बोर्ड न्हाणीघरात नेला आणि गरम पाण्याखाली दात घासायच्या ब्रशनं घासू लागलो. बायको दारात येऊन उभी राहिली.

"बोर्ड धुवायलात?"

"हो."

"ब्रश कुणाचा आहे?"

"तुझ्या भावाचा. दिवाळीत विसरून गेला होता."

यावर ती काही बोलली नाही. मात्र पाणी निथळलेला बोर्ड मी गच्चीवर उन्हात ठेवायला गेलो, तेव्हा तिनं वाळत घातलेलं तिळाचं फडकं उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

बोर्ड वाळला आणि खरी अडचण दिसली. जळालेला ट्रॅक जायचा कुठे? पॅड नसला तरी बिघडत नाही. त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या जोडापर्यंत तार न्यायची, म्हणजे जंपर मारायचा. पण पुढचा जोड कुठला ते कळलं पाहिजे. असा बोर्ड मोबाईलच्या बॅटरीसमोर धरला की उजेड आरपार येतो आणि ट्रॅकच्या सावल्या दिसतात. माझ्या बोर्डाचा तेवढाच भाग कोळसा झालेला. उजेडही तिथे थांबत होता. तसलाच दुसरा बोर्ड पाहायला मिळाला तर काम होणार होतं, आणि तसलाच दुसरा बोर्ड होता. बांधापलीकडच्या विहिरीवर. मामांच्या चुलतभावाच्या.

आता हे चुलतभाऊ आणि मामा, यांच्यात बांधावरच्या एका बाभळीवरून बोलणं बंद आहे. बाभूळ कधीच वाळून चुलीत गेली, अबोला हिरवा आहे. दोघांनी ऑटो मात्र एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकमेकांकडे न बघता आणलं होतं. अशा ठिकाणी जावई कामाला येतो. जावई दोन्ही घरांचा पाव्हणा असतो, त्याला चहा नाकारता येत नाही.

"कामून आलाव, पाव्हणं?" त्यांनी बाज पुढे केली.

"सहज. तुमचं ऑटो बघायचं होतं."

"आमचं चांगलं हाय."

"म्हणूनच."

त्यांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत बांधाकडे एकदाही न बघता त्यांनी विचारलं, "त्यांचं बिघडलं काय?"

"छे. कॉलेजात पोरांना दाखवायला फोटो पाहिजेत."

"लातूरच्या पोरांला आमचंच ऑटो दावायचं सुचलं?" पण म्हातारा खुलला होता. स्वतः उठून त्यांनी किटकॅट काढले, पेटी उघडली, उपरण्यानं धूळ झटकली आणि आतल्या चिमणीच्या काड्या काढून बोर्ड माझ्या हातात दिला. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मीटर बीपवर लावून कॉइलच्या पायापासून कुठे कुठे आवाज येतो ते पाहिलं. एका डायोडच्या पायाशी बीप वाजला, पुढे ट्रान्झिस्टरशी वाजला. माझा चेहरा उजळलेला त्यांनी टिपला असावा, कारण मी निघताना ते म्हणाले, "पोराला म्हणावं, गेट चांगलं करतोस. गेटच कर."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. चहा पाजून, किटकॅट काढून, उपरण्यानं धूळ पुसून त्यांनी मला खोटं बोलायची पुरेपूर संधी दिली होती. आणि मी ती घेतली होती.

पुढचं काम बोलायला थोडं आणि करायला किचकट. काळा भाग ब्लेडनं खरवडून काढला. जळलेला बोर्ड म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज चालते. वरून नुसतं चकचकीत करून भागत नाही, पांढुरकी-तपकिरी जात लागेपर्यंत खरवडावं लागतं. खड्ड्यात एपॉक्सी भरली. कॉइलच्या पायापासून डायोडपर्यंत बारीक तारेचा जंपर मारला, कारण तिथून फक्त १२ व्होल्टचा किरकोळ करंट जातो. कॉन्टॅक्टच्या बाजूला मात्र स्टार्टरच्या कॉइलचे ४१५ व्होल्ट येतात. तिथे प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली जाड तार, वर स्लीव्ह, आणि शेजारच्या जोडापासून हातभर नसलं तरी बोटभर अंतर.

हे चालू असताना मेव्हणा आला. येळवशीच्या बाजाराला लातूरला आला होता, सहज डोकावला, असं म्हणाला. माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि प्रत्येक जोड लावताना श्वास धरू लागला.

"दाजी, एवढंच सोल्डर?"

"एवढंच."

"तुटंल की."

"नाही तुटत."

"ओढून बघू का?"

"नको."

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "माझ्या जोडाला ट्रॅक्टर लावला असता तरी तुटला नसता." हे खरंच होतं. मी तसं म्हणालो. तो खूष झाला आणि त्यानं मोटारसायकलची बॅटरी काढून आणली. तिच्यावर रिलेच्या बाजूला १२ व्होल्ट दिले.

टिक.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं?"

"झालं."

"एवढंच?"

वेळ अमावस्येला लातूर जिल्हा बंद असतो. स्थानिक सुट्टी असते, दुकानांना कुलपं, रस्त्यांवर कुत्री; सगळी माणसं शेतात. आम्ही सकाळीच बोर्ड पेटीत बसवला. मग कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, पूजा झाली, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत आंबील शिंपडत रानाला फेरी झाली आणि पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली आंबील. त्या पंगतीत बोर्डाचा विषय निघाला नसता तर नवल. साडू, त्यांचे भाऊ, गावातले चौघे, कुणाचे तरी मुंबईचे पाव्हणे, सगळ्यांना दाजींनी केलेलं ऑटो पाहायचं होतं.

"लावा की दाजी," साडू म्हणाले.

"लाईट नाही. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे."

"हां," साडू म्हणाले, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघून समजूतदारपणे आंबील प्यायली. मेव्हणा त्या वेळी ठामपणे माझ्या बाजूनं उभा राहिला. "दाजींनी केलंय," तो म्हणाला, "म्हंजी चालायलाच पाहिजे." त्यापेक्षा त्यानं विरोध केला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सगळे पांगले. मी, मामा आणि मेव्हणा विहिरीवर थांबलो. गार वारा, उसाची सळसळ, मामांची विडी. लाईट आली तेव्हा आधी डीपीनं घुमायला सुरुवात केली, मग पेटीवरचा लाल दिवा लागला. काही नाही. मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. तरीही काही नाही. "थांबतं," मी म्हणालो, "थांबायलाच पाहिजे." शिवारातल्या बाकीच्या मोटारी धडाधड उठल्या. चुलतभावांची उठली. मामांनी त्या दिशेला तोंड केलं आणि परत फिरवलं.

टिक. धाड. पाणी.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. कोरड्या काठीनं नव्हे, नीट रबरी मोजे घालून एक किटकॅट ओढला. टिक, आणि मोटार गप्प. पुन्हा लावला, थांबलं, टिक, धाड. मामा पुढे आले, स्टार्टर उघडला आणि ओव्हरलोडच्या बटणातली तुराटीची काडी काढून विडीबरोबर फेकून दिली. जावयाला सासऱ्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

गावात मात्र इतिहास वेगळा नोंदला गेला. मेव्हण्यानं दुरुस्त केलेलं ऑटो दाजींनी बंद पाडलं होतं, ते परत चालू झालं. कुणी चालू केलं यावर मतभेद आहेत.

ऑटो अजून चोख चालतं. परवा मामींचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "मामांना आता रात्रीची झोप मिळत असेल?"

"कुठली ओ," मामी म्हणाल्या. "लाईट आली की बॅटरी घेऊन जातात की. लागलं का न्हाई बघाया. आदी बटण तरी दाबायचे, आता नुसतंच उभा ऱ्हाऊन येतात."